कथेतली बंदूक, गेममधलं सैन्य: खरं वाटावं म्हणून काय तपासायचं

युद्धावर लिहायला बसलेले बहुतेकजण अभ्यासाला सुरुवात करतात ती शस्त्रांच्या नावांपासून. कोणती रायफल, कोणत्या बनावटीची, किती मिलिमीटरची, हे वहीत उतरवून होतं आणि मग पहिल्याच चकमकीत नायक तीस गोळ्यांच्या मॅगझिनमधून दोन पानं अखंड गोळीबार करतो. नाव बरोबर, बाकी सगळं खोटं. जाणकार वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. ज्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, कारण ज्या लढाईत काहीच अडत नाही तिच्यात जीव अडकत नाही.

शस्त्राचा खरेपणा त्याच्या मर्यादांमध्ये असतो, असं माझं ठाम मत आहे. त्याचं वजन किती, भरायला वेळ किती लागतो, आवाज कुठवर जातो, ते बिघडतं कशाने आणि दारूगोळा संपला की पुढचा कोण आणून देणार? एवढी उत्तरं हातात असली की प्रसंग स्वतःहून घडायला लागतात. पुढचा क्रम कादंबरीला, पटकथेला आणि गेमलाही चालेल. गेमच्या खास अडचणी शेवटाकडे वेगळ्या घेतल्या आहेत.

पायरी १: आधी साल, मग सैन्य, मग शस्त्र

कथेचं साल कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. काळाच्या चुका सगळ्यात सोप्या पकडल्या जातात आणि सगळ्यात सोप्या टाळताही येतात. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला अमेरिकेत पेटंट मिळालं १८३६ मध्ये. मॅक्झिमची मशीनगन १८८४ ची. धूर न करणाऱ्या दारूची पहिली लष्करी रायफल फ्रान्सने १८८६ मध्ये स्वीकारली. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही मोठ्या लढाईत चार-सहा सरबत्त्या झडल्या की मैदान पांढऱ्या धुराने भरून जायचं आणि समोरचं दिसेनासं व्हायचं. रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी. एके-४७ सोव्हिएत सैन्याने स्वीकारली १९४९ मध्ये, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाच्या हातात ती असूच शकत नाही. जीपीएस पूर्ण क्षमतेने चालू झालं १९९५ मध्ये. त्याआधीची तुकडी नकाशा, होकायंत्र आणि मोजलेली पावलं यांवर चालते, आणि चुकते.

मात्र शोधाचं साल म्हणजे वापराचं साल नव्हे. शस्त्रं फार चिवट असतात. १८९१ मध्ये रशियन सैन्याने घेतलेली मोसिन-नागान रायफल एकविसाव्या शतकातल्या लढायांतही दिसली आहे. बंडखोर टोळीच्या हातात चाळीस वर्षं जुनी हत्यारं असणं अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यातून कथेला एक सुंदर अडचण मिळते: काडतुसं जुळत नाहीत. एके-४७ चं काडतूस ७.६२ मिलिमीटरचं आणि नाटो देशांच्या जुन्या रायफलींचंही ७.६२ चं, पण पहिल्याची केस, म्हणजे दारू भरलेलं धातूचं नळकांडं, ३९ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याची ५१. आकडा सारखा दिसतो म्हणून रात्री पळवून आणलेली पेटी सकाळी उघडल्यावर निरुपयोगी ठरते. असा प्रसंग रचायला कल्पनाशक्तीपेक्षा अभ्यासच जास्त कामी येतो.

आणखी एक गोष्ट. नियमित सैन्यातला सैनिक शस्त्र निवडत नाही, त्याला ते दिलं जातं. ‘त्याने आपली आवडती रायफल उचलली’ हे वाक्य विशेष दलांच्या काही तुकड्या सोडल्या तर खोटं आहे. त्याला आवड असते ती जास्तीच्या पाउचची, चांगल्या बुटांची, न फाटणाऱ्या पट्ट्याची.

चित्रपटांत कोणती बंदूक दिसते याची यादी देणारे मोठे संग्रह इंटरनेटवर आहेत. ते उपयोगी आहेत, पण त्यांतून कळतं ते चित्रपटाच्या माणसांना कोणती बंदूक मिळाली होती ते. त्या सैन्याकडे कोणती होती हे तिथून उचलू नका.

पायरी २: हात कुठे आहेत?

कुठलाही प्रसंग लिहिताना पात्राच्या दोन्ही हातांचा हिशेब ठेवा. रायफल दोन हातांची वस्तू आहे. दार उघडायचं, रेडिओवर बोलायचं, जखमी साथीदाराला ओढायचं, तर एक हात सुटतो आणि रायफल गळ्यातल्या पट्ट्यावर लोंबकळते, गुडघ्यावर आपटते. लेखक हे विसरतो आणि त्याच्या पात्राला तिसरा हात फुटतो.

मग वजन. रिकामी एकेएम रायफल, म्हणजे एके-४७ ची सुधारित आवृत्ती, तीन किलोच्या थोडी वर. तीस गोळ्यांनी भरलेलं तिचं पोलादी मॅगझिन सुमारे ८०० ग्रॅमचं. अशी सात मॅगझिनं म्हणजे साडेपाच किलोंहून जास्त भार, फक्त गोळ्या आणि मॅगझिनांचा. त्यावर पाणी, चिलखती जाकीट, हेल्मेट, बॅटऱ्या, खाणं, मलमपट्टी. पायदळाच्या सैनिकाच्या अंगावर तीस किलोहून जास्त भार असणं नेहमीचं आहे. असा माणूस जिना धावत चढला तर वर पोचल्यावर त्याचा नेम थरथरतो. जमिनीवर पालथा पडला तर उठताना हात टेकतो. गळ्याएवढ्या पाण्यात पडला तर आधी ओझं सोडतो, नाहीतर बुडतो.

हातांवरून माणूसही ओळखू येतो. शिकलेल्या नेमबाजाचं बोट चापावर नसतं. गोळी झाडायचं ठरेपर्यंत ते चापाच्या कडीबाहेर, बंदुकीच्या अंगावर सरळ टेकलेलं असतं. नवख्याचं बोट घाबरल्याबरोबर आत जातं. ‘तो अनुभवी होता’ असं लिहिण्याऐवजी हे एक बोट दाखवा.

पायरी ३: गोळ्या मोजा, सेकंद मोजा

ही पायरी सगळ्यात जास्त फळ देणारी आहे, म्हणून जरा थांबून बघू.

मिनिटाला ६०० हा कलाश्निकोव्ह (एके) रायफलीचा मारा. म्हणजे सेकंदाला दहा गोळ्या. तीस गोळ्यांचं मॅगझिन चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत रिकामं. सातही मॅगझिनं मिळून एकवीस सेकंद! म्हणूनच शिकलेला सैनिक एकेक गोळी किंवा दोन-तीन गोळ्यांचे झटके मारतो. लांबलचक मारा करायचं काम काडतुसांच्या पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनगनचं, आणि तिच्यासोबत पट्टे वाहणारा, तापलेली नळी बदलणारा दुसरा माणूस लागतो. मशीनगन एकटी लिहू नका.

मॅगझिन बदलायला सरावाच्या मैदानावर दोन ते चार सेकंद लागतात. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी, वाकून बसलेल्या स्थितीत कितीतरी जास्त. या सेकंदांत साथीदाराने मारा चालू ठेवायचा असतो, म्हणून सैनिक ओरडून सांगतो की मी भरतोय. हा संवाद लिहिला की दोघांमधलं नातं वेगळं सांगायची गरज उरत नाही.

बहुतेक अर्धस्वयंचलित पिस्तुलांमध्ये शेवटची गोळी सुटली की वरची स्लाइड मागेच अडकून राहते. ‘खट्, खट्, खट्’ असा रिकामा आवाज येत नाही. तो रिव्हॉल्व्हरचा. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून दिसणारा घोडा (मागचा हॅमर) नाही आणि अंगठ्याने सरकवायची वेगळी सेफ्टीही नाही, त्यामुळे धमकी देताना ‘त्याने घोडा मागे ओढला’ हे तिथे अशक्य आहे. पंप शॉटगनने चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या कप्प्यात, आधीच काडतूस असताना दरारा बसवायला ‘खडाक्’ केलं, तर एक न उडालेलं काडतूस जमिनीवर पडतं. तुमचं पात्र तसं करत असेल तर ते पडलेलं काडतूसही दाखवा.

आता दोनशे-अडीचशे वर्षं मागे जा. ठासणीची, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी बंदूक. सैनिक कागदी काडतूस दातांनी फाडतो, त्यामुळे ओठ काळे आणि तोंड खारट. थोडी दारू रंजकाच्या वाटीत, म्हणजे ठिणगी पडते त्या बाजूच्या खळग्यात, टाकतो आणि झाकण बंद करतो. बंदूक उभी करून उरलेली दारू, कागद आणि शिशाची गोळी नळीत. गज उपसायचा, ठासायचा, परत खोवायचा. बंदूक खांद्याला. घोडा पूर्ण मागे. बार. उत्तम तयारीच्या पायदळाला मिनिटाला तीन बार, म्हणजे दर बाराला वीस सेकंद. नळी आतून खडबडीत होत जाते तसा वेळ वाढत जातो. घाईत गज काढायला विसरलेला माणूस तो गोळीबरोबर उडवून बसतो आणि पुढच्या बाराला त्याच्याकडे गज नसतो.

या वीस सेकंदांत चौखूर घोडा काय करतो? सेकंदाला अकरा मीटरच्या आसपास वेग धरला तर शंभर मीटर नऊ सेकंदांत. आणि या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर मीटरच्या आतच. म्हणजे धावून येणाऱ्या घोडदळावर एकच बार मिळतो, मग संगीन. पायदळ चौकोन करून चारही दिशांना संगिनी का रोखायचं, हे या हिशेबातून कळतं. एवढं गणित एकदा केलं की त्या चौकोनात उभ्या असलेल्या पोराच्या मनात काय चाललं असेल ते लिहिणं सोपं जातं. सरदार हुकूम रोखून धरतो, घोडे मोठे होत जातात, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की बार एकच आहे.

तोड्याच्या बंदुकीचा जळता तोडा, म्हणजे दारू पेटवणारी वात, पावसात विझतो आणि रात्री दुरून लाल ठिपक्यासारखा दिसतो. रात्रीच्या छाप्यात तोडेवाले लिहिणार असाल तर तो ठिपका लपवायची काळजी कोणीतरी घेतली पाहिजे.

पायरी ४: आवाज

बंदुकीचा बार साधारण १५० ते १६५ डेसिबलचा असतो. कानाला एका फटक्यात इजा होण्याची मर्यादा १४० च्या आसपास मानतात. बंद खोलीत रायफल चालली तर पुढची काही मिनिटं सगळ्यांच्या कानात शिट्टी वाजत राहते. तरी कथांमध्ये लोक लगेच कुजबुजत बोलतात. त्यांना ओरडू द्या, चुकीचं ऐकू द्या, हातवारे करू द्या.

सायलेन्सर आवाज २० ते ३५ डेसिबलने कमी करतो. म्हणजे १६० चा बार १३० च्या आसपास येतो, आणि हा आवाज रस्ता फोडणाऱ्या यंत्रापेक्षाही मोठा आहे. शिवाय गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जोरात जात असेल तर हवेतून जाताना तिचा स्वतःचा कडाका होतो आणि तो कुठलाही सायलेन्सर थांबवू शकत नाही. हलका आवाज हवा असेल तर मंद काडतूस लागतं; .४५ ची पिस्तुलाची गोळी मुळातच सेकंदाला अडीचशे ते दोनशे साठ मीटरच्या आसपास जाते. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून फारसा उपयोग नाही, कारण चक्र आणि नळी यांमधल्या फटीतून वायू निसटतो. १८९५ चा नागान रिव्हॉल्व्हर ती फट बंद करतो, तो ठळक अपवाद. मग सायलेन्सर वापरतात कशाला? गोळी कुठून आली ते कळू नये, नळीतली ज्वाळा दिसू नये, स्वतःचे कान वाचावेत म्हणून. कथेसाठी ही कारणं निःशब्द खुनापेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

दूरच्या नेमबाजाचा प्रसंग असेल तर क्रम नीट ठेवा. सहाशे मीटरवरून रायफलची गोळी साधारण एका सेकंदात पोचते आणि बंदुकीचा आवाज त्यानंतर पाऊण सेकंदाने. आधी कोणीतरी कोसळतो, कानाजवळून कडाका जातो, आणि मग लांबून धप्प असा आवाज येतो. अनुभवी सैनिक या दोन आवाजांमधल्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधतात.

वासाबद्दल एकच: आजच्या काळातल्या कथेत ‘कॉर्डाइटचा वास’ लिहू नका. ती ब्रिटिशांची जुनी दारू, आधुनिक काडतुसांत ती नसते. ‘जळक्या दारूचा वास’ पुरेसा आहे.

पायरी ५: गोळी लागल्यावर

गोळी लागलेला माणूस मागे फेकला जात नाही. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर. सत्तर किलोच्या माणसात ती पूर्ण थांबली तरी तिच्या धक्क्याने त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटीमीटर. माणूस पडतो तो पाय गळाल्यामुळे, दुखल्यामुळे, किंवा गोळी लागली की पडायचं असतं असं त्याच्या मनात बसलेलं असतं म्हणून. कित्येकांना आधी गुद्दा बसल्यासारखं वाटतं आणि रक्त दिसल्यावर कळतं. काही जखमी लोक बराच वेळ चालत, लढत राहतात. उलट मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो, आणि तिथे सगळ्यात मोलाची वस्तू असते रक्त थांबवायची आवळपट्टी. खांद्यातली गोळीही ‘किरकोळ’ नसते. तिथे हाड, नसा आणि मोठी रक्तवाहिनी एकमेकांना चिकटून आहेत. नायकाला दुसऱ्या प्रकरणात खांद्याला गोळी घातलीत तर दहाव्या प्रकरणात त्याने त्या हाताने भिंत चढू नये.

आडोसा दोन प्रकारचा असतो: नजरेआड करणारा आणि गोळी अडवणारा. झुडूप, पडदा, लाकडी दार, गाडीचा पत्रा हे पहिल्या प्रकारचे. रायफलची गोळी गाडीचं दार भेदून जाते. अडवतं ते इंजिन आणि काही अंशी चाकं. साध्या गोळीने गाडीची टाकीही स्फोट होऊन उडत नाही, गळते.

हातबॉम्बची पिन दातांनी निघत नाही, दात निघतील. अमेरिकी एम६७ चा फ्यूज चार ते पाच सेकंदांचा. पाच मीटरच्या आत तो जीवघेणा, पंधरा मीटरपर्यंत जखमी करणारा, आणि त्याचे तुकडे याहूनही पुष्कळ लांब उडतात. म्हणजे फेकणाऱ्यालाही आडोसा लागतो. चित्रपटात दिसणारा नारंगी आगीचा गोळा पेट्रोलचा असतो. खऱ्या हातबॉम्बचा झगमगाट क्षणाचा, बाकी धूळ आणि काळा धूर.

तलवार, धनुष्य, चिलखत

एका हाताची तलवार एक ते दीड किलोची असते, दोन हातांची लढाऊ तलवार दोन ते तीन. ‘वीस किलोची तलवार’ लिहिण्याचा मोह आवरा. पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत पंधरा ते पंचवीस किलोचं, पण भार अंगभर वाटलेला. ते घालून माणूस धावतो, घोड्यावर चढतो, पडला तर उठतो. त्याला हरवतं ते उकाडा आणि धाप. तलवारीच्या फटक्याने पोलादी पत्रा कापला जात नाही. काखेत, डोळ्याच्या फटीत टोक खुपसावं लागतं किंवा गदा, हातोडा वापरावा लागतो. आणि रणांगणावर सगळ्यात जास्त हातांत असायचा भाला. तलवार कमरेला, भाला मोडल्यावर कामाला.

१५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढलं तेव्हा सोबत शंभराहून अधिक लांब धनुष्यं मिळाली. त्यांचा ताण पंचेचाळीस ते ऐंशी किलोच्या दरम्यान असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी दोरी ओढून ‘थांबा… थांबा…’ म्हणत अर्धा मिनिट कोणी उभं राहू शकत नाही. ओढली की सोडायची. आणि भात्यातले दोन डझन बाण तीन-चार मिनिटांच्या जोरदार माऱ्यात संपतात.

पायरी ६: सैन्य म्हणजे रचना आणि रसद

शस्त्रांवर मेहनत घेतलेला लेखकही इथे ढिला पडतो. ढोबळ मानाने आजच्या पायदळात आठ-बारा जणांचं सेक्शन, अशा तीन-चार सेक्शनचं तीस-चाळीस जणांचं प्लाटून, शंभर ते दीडशेंची कंपनी, सहाशे ते हजारांची बटालियन. पण हुद्दे सगळीकडे सारखे नसतात. अमेरिकी सैन्यात कंपनीचा प्रमुख कॅप्टन, भारतीय आणि ब्रिटिश सैन्यात सहसा मेजर. कर्नल स्वतः दहा जणांना घेऊन दार फोडायला जात नाही. नुकताच आलेला लेफ्टनंट कागदावर वरिष्ठ असतो, पण पंधरा वर्षं काढलेला सार्जंट किंवा सुभेदार त्याला खासगीत काय आणि कसं सांगतो, यात एक अख्खी कादंबरी मावेल. तो चारचौघांत ‘साहेब’ म्हणतो. सल्ला मात्र एकांतात देतो.

आघाडीवर सलाम ठोकत नाहीत. शत्रूच्या नेमबाजाला अधिकारी कोण ते त्यातून कळतं. डोक्यावर टोपी नसताना ब्रिटिश परंपरेत सलाम करत नाहीत, हेही लक्षात असू द्या. रेडिओवर ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, तुम्ही बोला, आणि ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकत्र येत नाहीत. नाटोच्या पद्धतीत ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणतात, कारण ‘रिपीट’ हा तोफखान्यासाठी तोच मारा पुन्हा करा असा हुकूम आहे. चकमकीतला हुकूम छोटा असतो: कुठे, किती लांब, काय. ‘डावीकडे, दोनशे, पडकी भिंत.’ भाषण नाही.

आणि रसद. एका घोड्याला दिवसाला दहा किलोच्या आसपास चारा आणि तीसेक लिटर पाणी. हजार घोडे म्हणजे रोज दहा टन चारा, तोही वाहणारे बैल स्वतः खातातच. पायी सैन्य बैलगाड्यांसह दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर गेलं तर बरं. त्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी फौज दोनशे मैलांवर पोचली’ हे वाक्य खोडा. पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली आणि उपासमारीने गांजलेलं सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजी बाहेर पडून लढलं. १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फ्रान्समधून सुसाट निघालेले मित्रराष्ट्रांचे रणगाडे इंधनावाचून अडकले. तुमच्या काल्पनिक राज्याच्या सैन्यालाही हेच लागू आहे. ड्रॅगन असले तरी त्यांना कोण आणि काय खायला घालतं ते ठरवा.

प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक तक्ता ठेवा: हातात काय, किती मॅगझिनं उरली, पाणी किती, जखम कुठे, शेवटची झोप कधी. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी तो बदला. ही एक सवय निम्म्या चुका टाळते.

गेम बनवत असाल तर

गेममध्ये सगळंच खरं ठेवलं तर खेळाडू अर्धा तास चालतो आणि न दिसलेल्या गोळीने मरतो. मोडतोड करावीच लागते. प्रश्न इतकाच की कुठे करायची, आणि माझा सल्ला असा की अंतर आणि वेळ कमी करा, पण शस्त्रांचं एकमेकांशी असलेलं नातं टिकवा. खरी रायफल तीनशे मीटरवर काम करते. तुमचा नकाशा ऐंशी मीटरचा असेल तर सगळ्याच शस्त्रांचे पल्ले त्याच प्रमाणात आखूड करा. बहुतेक गेम शॉटगनला एकटीलाच शिक्षा करतात आणि तिचे छर्रे पाच मीटरवर हवेत विरतात. खरे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरपर्यंत घातक असतात.

गोळी चाप दाबताक्षणी लागते असं धरायचं की उडत जाणारी दाखवायची, हे सुरुवातीलाच ठरवा. तीनशे मीटरला रायफलच्या गोळीला ०.४ सेकंदाच्या आत-बाहेर वेळ लागतो. सेकंदाला पाच मीटर धावणारा माणूस तेवढ्यात दोन मीटर सरकतो. मोठ्या नकाशावर हा फरक म्हणजे कौशल्य. छोट्या खोल्यांच्या गेममध्ये त्यावर वेळ घालवू नका.

शस्त्रांमधला फरक फक्त ‘नुकसानीच्या’ आकड्यावर उभा केला की सगळी एकाच बंदुकीची भावंडं वाटतात. उचलायला लागणारा वेळ, वजनाने मंदावणारी चाल, काडतुसांची टंचाई, आवाजाने सावध होणारे शत्रू यांवर फरक उभा करा. अर्धवट मॅगझिन फेकलं तर त्यातल्या गोळ्या खरोखर जाऊ द्यायच्या का, हाही असाच निर्णय. त्या एका नियमाने खेळाडू गोळ्या मोजायला लागतो. नियम जो ठरवाल तो शत्रूंनाही लावा.

औषधाच्या पेटीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस काढू नका. ते चिन्ह १९४९ च्या जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे आणि २०१७ मध्ये ब्रिटिश रेड क्रॉसने एका गेम कंपनीला ते बदलायला लावलं. हिरव्यावर पांढरा क्रॉस चालतो. खऱ्या शस्त्रांची नावं आणि बोधचिन्हं वापरायची असतील तर प्रकाशनाआधी वकिलाला दाखवा. बरेच स्टुडिओ सरळ नावं बदलतात. नाव काल्पनिक असलं तरी यंत्राची वागणूक मात्र ठरलेली ठेवा.

एक प्रसंग दुरुस्त करू

असा परिच्छेद समजा हाती आला: ‘त्याने अंगठ्याने ग्लॉकचा घोडा मागे ओढला. सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला आणि पहारेकरी भिंतीवर फेकला गेला. पंचवीस गोळ्यांनंतर पिस्तूल खट् खट् वाजू लागलं. गाडीच्या दाराआड टेकून तो हळूच म्हणाला, सगळे संपले?’

घोडा नाही, फुस्स नाही, फेकला जाणं नाही. सतरा गोळ्यांच्या मॅगझिनमधून पंचवीस नाहीत. खट् खट् नाही, दार आडोसा नाही, आणि हळू बोललेलं ऐकू येणार नाही. चार वाक्यांत सात चुका. आता मर्यादा पाळून लिहू:

‘सायलेन्सर असूनही बार बोळातून घुमत गेला. पहारेकरी पडला नाही. त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, दोन पावलं चालला आणि मग गुडघ्यांवर आला. वरच्या मजल्यावर दिवा लागला. पुढचे बार त्याने मोजले नाहीत. स्लाइड मागे अडकली तेव्हा कळलं. गाडीच्या दाराशी बसता बसता तो पुढे सरकला आणि इंजिनाच्या बाजूला चाकाला पाठ लावली. नवं मॅगझिन एकदा हातातून निसटलं. साथीदाराचे ओठ हलत होते. त्याने मान हलवली, काहीच ऐकू न येता.’

दुसऱ्या परिच्छेदात एकही तांत्रिक आकडा नाही. अभ्यास घटनाक्रमात मुरला आहे. शस्त्राची माहिती पानावर ओतायची नसते. पात्राला जेवढं जाणवेल तेवढीच लिहायची. बॉम्ब किंवा हत्यार घरी बनवायची कृती तर कधीच नेमकी लिहू नका. कथेला ती लागत नाही, आणि वाचकाच्या हातात ती देण्याचं काहीच कारण नाही.

शेवटची तपासणी

छापील साधनांत सैन्यांच्या प्रशिक्षण पुस्तिका सगळ्यात भरवशाच्या. अमेरिकी लष्कराच्या कित्येक पुस्तिका इंटरनेटवर खुल्या आहेत आणि त्यांत तुकडी रस्ता कशी ओलांडते इथपासून सगळं चित्रांसह मिळतं. जुन्या शस्त्रांसाठी लीड्समधल्या रॉयल आर्मरीजसारख्या संग्रहालयांच्या नोंदींत वजनं आणि मापं दिलेली असतात.

त्यानंतर प्रसंग अशा माणसाला वाचायला द्या ज्याने ते काम केलं आहे. पूर्ण हस्तलिखित नको, फक्त तो प्रसंग, सोबत साल, सैन्य आणि जागेचा साधा नकाशा. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारलंत तर भिडेखातर ‘हो’ येईल. त्याऐवजी विचारा, ‘या जागी तुम्ही आधी काय केलं असतं?’ आणि ‘इथे तुमच्या अंगावर काय टोचत, ओलं होत, कंटाळा आणत असतं?’ किती माणसं मारलीत, हे विचारू नका. तो त्यांचा खासगी भार आहे. दोन जाणकारांची उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका. दोघांचा काळ, हुद्दा आणि दल विचारून घ्या. तोफखान्यातला सुभेदार आणि पायदळातला शिपाई एकच रात्र वेगळी सांगतील, आणि तुमच्या पात्राच्या हुद्द्याला जे जुळतं ते तुम्ही घ्यायचं.